झेडपी शाळेत चित्रकला-गाण्याचा तास कसा सुरू करायचा आणि पुढच्या वर्षी तो गायब कसा होऊ द्यायचा नाही

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. तुम्ही शाळेकडे नवीन काही मागायला चाललेला नाही. कलाशिक्षण हा विषय पहिलीपासून आहेच, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाच्या शेजारी वेळापत्रकात त्याचा तास असतो, प्रगतिपुस्तकात श्रेणी असते, आणि २०१० ला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून प्रत्येक पोराच्या नावापुढे वर्णनात्मक नोंदसुद्धा असते. "चित्रात रंग आकर्षकपणे भरतो." "गीत तालासुरात म्हणतो." ह्या नोंदींच्या तयार पीडीएफ मोबाईलवर फिरतात, तिथनं उतरवून घेतात. माझ्या पोराच्या पुस्तकात पहिलं वाक्य आलं होतं आणि अख्ख्या वर्षात शाळेत त्याच्या हाताला रंग लागला नव्हता. गुरुजींना मी दोष देत नाही, दोन शिक्षक, पाच वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरायची कटकट, ते तरी काय करणार. पण मागणी काय करायची ते ह्यातनं कळतं: कागदावर जो तास आहे तो भरवा. बस. "कलेला प्रोत्साहन द्या" असलं काही म्हणू नका, त्याच्यावर सगळे मान हलवतात आणि घरी जातात.

मी सांगोल्याकडची. आमच्या वाडीच्या शाळेत व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते, नंतर आजूबाजूच्या सात-आठ शाळांत लोकांनी बोलावलं म्हणून जात राहिले. मोठ्या शाळेचा अनुभव मला नाही, हे छोट्या पटाच्या शाळेसाठी आहे.

कायदा किती माहीत असावा? थोडाच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला पाहिजेत, आणि कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. म्हणजे तुम्ही बाहेरून विनंती करणारे नाही, तुम्ही समितीच आहात. त्याच कायद्याच्या परिशिष्टात कला, क्रीडा आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे ठरावीक तासांपुरते येणारे शिक्षक, द्यायचं लिहिलंय, पण ते सहावी ते आठवीला आणि पट शंभरच्या वर असेल तर. वाडीवस्तीवरच्या शाळेचा पट तेवढा असतोच कुठं, म्हणून त्याच्या मागे लागून वर्षं घालवू नका. मी एक वर्ष घालवलंय.

सरांशी आधी एकट्याने बोला, चहाच्या वेळी, मीटिंगमध्ये त्यांना धक्का नको. माणूस शोधा, तो गावातच असतो: भजनी मंडळातला पेटीवाला, पखवाजवाला, आमच्याकडे गजी ढोल वाजवणारे आहेत, भिंती रंगवणारा पेंटर, रांगोळीत हात बसलेली एखादी सून. बाहेरचा माणूस वर्गात असताना शाळेतले शिक्षक किंवा एखादी पालक बाई तिथं बसलेलीच पाहिजे, आणि त्याला मुख्याध्यापकांचं लेखी पत्र पाहिजे. ह्यात भीडभाड ठेवायची नाही, माणूस सख्खा दीर असला तरी. सामान गेरू, चुना, कोळसा, जुन्या वह्यांची कोरी पानं ह्याच्यावर सुरू होतं.

आता खरी गोष्ट. सगळं अडतं ते समितीच्या मीटिंगमध्ये, आणि तिथं मी दोनदा तोंडावर पडलेय.

पहिल्यांदा मी भाषण केलं. नेटवरून वाचून गेले होते, संगीताने मेंदूचा विकास होतो, चित्रकलेने एकाग्रता वाढते वगैरे. चांगलं पंधरा मिनिटं बोलले. बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या आणि मागनं एक काका म्हणाले, "ताई, समदं खरं, पण पोराला अजून भागाकार येत नाही." संपलं. त्याला उत्तर नाही, कारण तो माणूस बरोबर बोलत होता. जो कुणी सांगतो की पालकांना कलेचं महत्त्व पटवून द्या, त्याने एकदा येऊन त्या काकांसमोर पटवून दाखवावं.

पुढच्या खेपेला मी बोललेच नाही. मीटिंगच्या आदल्या दिवशी गुरुजींना सांगून पोरांकडनं आपापल्या घरची एक वस्तू नाहीतर जनावर काढून घेतलं, कोळशाने, वहीच्या पानावर. ती पानं बायका जिथं बसतात त्या भिंतीला खाली, बसल्या नजरेला येतील अशी चिकटवली. नावं लिहिली नाहीत, हे महत्त्वाचं. मीटिंग सुरू व्हायच्या आधी एक बाई एका शेळीच्या चित्रासमोर वाकून बघायला लागली. शेळीचं डावं शिंग अर्धंच होतं. "ही आमचीच हाय की, शिंग मोडकी." तिच्या शेजारची म्हणाली पोरानं विसरून अर्धं काढलं असंल. तर ही उसळलीच, "विसरतंय कशाला, गेल्या पावसाळ्यात दाव्यात अडकून मोडलंय, त्यानंच सोडवली तिला." मग सगळ्याच उठल्या आपापलं शोधायला, कुणाची चूल, कुणाची लुना, एकीला तिचंच चित्र सापडेना म्हणून ती हिरमुसली, आणि भागाकारवाले काका पण चष्मा काढून बघत होते. अर्धा तास गेला. त्यानंतर मी फक्त एवढंच विचारलं की आठवड्याला दोन तास असं करायचं का. कुणी नाही म्हणालं नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे, दुसऱ्यांच्या पोरांचं बक्षीसपात्र चित्र, यूट्यूबवरचा व्हिडिओ, असलं काही दाखवू नका. आपल्या पोराने आपल्या घरचं काढलेलं असलं पाहिजे आणि ते नीट नसलं तरी चालेल. गाण्याचं असंल तर जात्यावरची ओवी एखाद्या पोरीला तिच्या आज्जीकडनं शिकून यायला सांगा आणि आज्जीला मीटिंगला आणा.

बापांसाठी एक पत्ता राखून ठेवा, मार्कांचा. पुढे हायस्कूलला गेल्यावर कला संचालनालयाची इंटरमिजिएट परीक्षा दिली तर दहावीला जादा गुण मिळतात, ए ग्रेडला ७, बी ला ५, सी ला ३. हे खरंय आणि ह्याने एक-दोन बाप लगेच वळतात. पण एकदाच सांगा आणि शेवटी सांगा. आधीच सांगितलं की सगळी चर्चा मार्कांवर जाते आणि मग चौथीतल्या पोरालाही स्थिरचित्राच्या क्लासला बसवायचं म्हणतात.

आता दुसऱ्यांदा पडले ते कसं. शेळीच्या मीटिंगनंतर मी खूश होऊन घरी आले. प्रोसिडिंग बुकावर, म्हणजे मीटिंगच्या नोंदवहीवर, सही केली होती, पण तुम्हाला माहितीये ना, सह्या आधी घेतात आणि मजकूर नंतर सवडीने लिहितात. वर्षभर तास छान चालले. उन्हाळ्यात सरांची बदली झाली. जूनमध्ये नवीन सर आले, चांगले होते, पण म्हणाले, "मॅडम, ठराव कुठंय?" वही उघडली. त्यात लिहिलं होतं, "कलाशिक्षणाबाबत सविस्तर चर्चा करण्यात आली." चर्चा! ठराव नाहीच. त्या वर्षी तास बंद, त्या जागी शिष्यवृत्तीचे जादा वर्ग. आम्ही सगळ्यांनी मिळून एक वर्ष त्या एका ओळीत घालवलं.

त्यामुळे आता मी जिथं जाते तिथं ह्या गोष्टी सोडत नाही. विषय मीटिंगच्या नोटिशीतच लिहून घ्यायचा, "आयत्या वेळी येणारे विषय" मध्ये ढकलू द्यायचा नाही, कारण तिथं येईपर्यंत निम्मी माणसं धार काढायला गेलेली असतात. मीटिंग बाजाराच्या दिवशी नको, डाळिंबाची तोडणी चालू असताना तर नकोच. ठराव तिथल्या तिथं लिहायचा, मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि मगच सह्या. सरांना राग येईल असं वाटतं, येत नाही, उलट त्यांनाही वर दाखवायला कागद मिळतो.

मजकूर साधारण असा ठेवा, मी हाच वापरते:

"ठराव क्र. ३ : इयत्ता तिसरी ते सातवीसाठी दर बुधवारी शेवटचा तास व दर शनिवारी एक तास कलाशिक्षणासाठी राखीव ठेवावा. सदर तासांना इतर विषयांचे जादा वर्ग घेऊ नयेत. या तासांची नोंद शाळा विकास आराखड्यात व वर्गाच्या वेळापत्रकात करावी. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर."

वार आणि तास लिहिलाच पाहिजे. "आठवड्यातून दोन तास" लिहिलं की ते दोन तास कधीच सापडत नाहीत. आणि "जादा वर्ग घेऊ नयेत" हे वाक्य काढा म्हणून कुणीतरी सुचवेलच, काढू नका, कारण शिष्यवृत्ती आणि नवोदयचा मोसम सुरू झाला की सगळ्यात आधी हाच तास जातो. शिष्यवृत्तीला विरोध मात्र करू नका, जादा वर्ग शाळा सुटल्यावर घ्या म्हणा. शनिवारचा तास त्यातल्या त्यात सोपा, आनंददायी शनिवार शासनाचाच उपक्रम आहे, त्याचं नाव पुढे केलं की कुणी हरकत घेत नाही.

ठरावाची झेरॉक्स केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकारी कार्यालयात द्या, पोच घ्या. एक झेरॉक्स तुमच्या घरी.

पैशाचं. समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं ते पटावर, ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० आणि १०० पर्यंत २५,०००. त्यात वीजबिल, खडू, दुरुस्ती, स्वच्छता सगळं. त्यामुळे रंगपेट्यांसाठी त्यातनं फार मागू नका, थोडे घ्या आणि बाकीचं गावातनं. ग्रामपंचायतीकडे जायचं तर ग्रामसभा आणि गावचा आराखडा, आकडा आणि वस्तूंची यादी घेऊन जा. गॅदरिंगला मात्र हात आखडता घ्या हे मी वाईटपणा घेऊन सांगते. भाड्याचे ड्रेस, साउंडवाला, मंडप, एका रात्रीत जेवढा पैसा उडतो तेवढ्यात वर्षाचे रंग येतात, आणि ती रात्र झाली की शाळेने कला केली असं सगळ्यांना वाटायला लागतं. गॅदरिंगचा फायदा एकच, त्यानंतरचे पंधरा दिवस लोकांचा मूड चांगला असतो, मीटिंग तेव्हाच लावा.

देणगीत वाद्यं मिळत असतील तर हुरळू नका. एका शाळेत देणगीत आलेली नवीकोरी ढोलकी मी तीन वर्षं कपाटात बघितली, प्लास्टिकसकट. का? तर डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, नोंद झाली, फुटली तर सरांच्या अंगावर. मग कोण देणार पोरांच्या हातात. म्हणून वस्तू घेतानाच समितीचा अजून एक छोटा ठराव करा, की वापरताना झालेल्या मोडतोडीची जबाबदारी समितीची आणि वस्तू निकामी झाली तर रीतसर निर्लेखन करायचं, म्हणजे वहीतनं तिची नोंद कमी करायची. हे केलं आणि त्याच आठवड्यात ढोलकी बाहेर आली, महिन्याभरात एका बाजूची पुडी फाटली पण. तीनशे रुपयांत नवीन चढवून आणली, वर्गणी पाच घरांतनं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेत चक्कर टाका आणि भिंतीवरचं वेळापत्रक बघा. बुधवारच्या शेवटच्या घरात "कला" लिहिलेलं नसेल तर भांडू नका, घरची झेरॉक्स घेऊन या आणि सरांच्या टेबलावर ठेवून चहा होईपर्यंत तिथंच बसा. दिवाळीनंतर परत एकदा जा, बुधवारी, शेवटच्या तासालाच.