पौराणिक कोरीवचित्रातले भाव आणि चिन्हं कशी वाचावीत

पौराणिक चित्र समोर आलं की आपण आधी विचारतो, हा कोण आणि ती कोण? आंद्रेआ मांतेन्याच्या ‘समुद्रदेवांचं युद्ध’ या कोरीवचित्रापुढे (धातूच्या पत्र्यावर रेघा कोरून कागदावर छापलेलं चित्र) ही सवय फारशी कामाला येत नाही, कारण त्यामागची नेमकी कथा कुणालाच ठामपणे सांगता आलेली नाही. म्हणूनच सरावाला ते उत्तम. इटलीतल्या मांतुआच्या या दरबारी चित्रकाराने ते पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन पत्र्यांवर कोरलं. दोन्ही छाप शेजारीशेजारी ठेवून बघा.

१. आधी हात बघा. शरीरं रोमन शिल्पांसारखी पिळदार, आवेश महायुद्धाचा, आणि उजवीकडच्या एका योद्ध्याने उगारलंय काय, तर माशांची जुडी! हसू आलं तर येऊ द्या. त्वेष आणि हास्यास्पदपणा इथे एकत्रच नांदतात. नुसतं ‘क्रोध’ म्हणून मोकळे झालात तर अर्धं चित्र हातचं जाईल.

२. मग रेघ बघा. मांतेन्याची छटा तिरक्या, समांतर रेघांची. त्यामुळे देह दगडात कोरल्यासारखे ताठर वाटतात. तरुण जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्युररने १४९४ मध्ये उजव्या भागाची शाईने नक्कल केली. बाह्यरेषा त्याच, पण छटेच्या रेघा स्नायूंबरोबर वळणाऱ्या. दोन्ही चित्रं जवळजवळ ठेवा. भांडण तेच, ड्युररकडे मात्र अंगात रक्त खेळू लागतं. मला मांतेन्याचा कोरडेपणाच जास्त भीतिदायक वाटतो.

३. चिन्हांकडे आता वळा. डावीकडे सागरी प्राण्यावर एक हाडकुळी म्हातारी ओरडत उभी आहे. तिच्या हातातल्या पाटीवर लॅटिन अक्षरं आहेत: मत्सर. षड्रिपूंमधला आपला ओळखीचा सहावा. पाटी बोटाने झाकून पुन्हा बघा. ही नुसती लढाई उरते. बोट काढलं की लढाईला कारण मिळतं. मागे समुद्रदेव नेपच्यूनचा पुतळा पाठ फिरवून उभा आहे, म्हणजे भांडण सोडवायला कुणी नाही. काही अभ्यासक यात कलावंतांची आपसातली असूया वाचतात. मला ते पटतं, पण चित्रात त्याचा थेट पुरावा नाही.

४. शेवटी हात आवरा. प्रत्येक वस्तू चिन्ह नसते. मागच्या लव्हाळ्यात गूढ अर्थ शोधण्याआधी एवढं आठवा की मांतुआ शहर त्या काळी तळ्यांनी वेढलेलं होतं.