ठिपक्यांच्या रांगोळीतून फ्रॅक्टल

फ्रॅक्टलमध्ये आधी नियम येतो, चित्र नंतर. एक छोटा नियम पुन्हा पुन्हा लावत गेलं की अख्ख्या आकृतीचा लहान नमुना तिच्याच भागांत दिसू लागतो. म्हणून सुरुवात संगणकावर करू नका; तिथे बटण दाबलं की चित्र मिळतं, नियम मात्र हाती लागत नाही. ठिपक्यांची रांगोळी येणाऱ्या कुणालाही पहिलं फ्रॅक्टल अंगणातच जमेल.

१६ ते १ असे मधले ठिपके घ्या, म्हणजे प्रत्येक ओळीत एक ठिपका कमी आणि तो आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. दोन ठिपक्यांत ४ सेंमी आणि दोन ओळींत ३.५ सेंमी अंतर ठेवलं तर ६० सेंमीचा जवळपास समभुज त्रिकोण होतो. ठिपके खडूने द्या, रांगोळीने नको. इथे कुठला ठिपका भरला आणि कुठला रिकामा ठेवला यावरच सगळं चित्र उभं आहे. उदबत्तीने भोकं पाडलेला कागद असेल तर भोकांतून फक्त खडूचं टोक टेकवा. रुंद बाजूला बसा आणि टोकाकडून आपल्याकडे येत चला, म्हणजे भरलेलं पुसलं जात नाही.

नियम असा. टोकाचा ठिपका भरा. प्रत्येक ओळीचे दोन्ही कडेचे ठिपके भरा. मधल्या ठिपक्यासाठी त्याच्या लगेच वरचे दोन ठिपके पाहा: दोघांपैकी एकच भरलेला असेल तर हाही भरा, दोन्ही भरलेले किंवा दोन्ही रिकामे असतील तर हा सोडा. बस, एवढंच.

एक ठिपका चुकला की चूक खाली पसरत जाते. तेवढाच ठिपका दुरुस्त करून भागत नाही, त्याखालच्या ओळी पुन्हा तपासाव्या लागतात. म्हणून वाटेतच पडताळा घ्या: टोकाकडून मोजल्यावर २, ४, ८ आणि १६ व्या ओळी पूर्ण भरलेल्या हव्यात, ३, ५ आणि ९ व्या ओळींत फक्त कडेचे दोनच. शेवटी १३६ पैकी ८१ ठिपके भरलेले आणि ५५ रिकामे असले की रांगोळी बरोबर. पोलंडचे गणिती सिएरपिन्स्की यांनी १९१५ मध्ये मांडलेल्या त्रिकोणाचंच हे ठिपक्यांतलं रूप.

रंग मनाला येईल तसे टाकले तर आकृती हरवते. रिकाम्या जागा तीनच मापांच्या आहेत: २८ ठिपक्यांचा एक उलटा त्रिकोण, ६ ठिपक्यांचे तीन आणि एकेका ठिपक्याच्या नऊ जागा. प्रत्येक मापाला एक रंग द्या. सर्वांत गडद रंग मोठ्याला. पिवळ्यासाठी हळद घेतलीत तर ती रांगोळीत मिसळा, नुसती वाऱ्यावर उडते.

आता ३२ ओळी केल्या तर भरलेले ठिपके २४३ होतात. लांबी दुप्पट, भरणा तिप्पट. भरीव त्रिकोणात (मिती २) तो चौपट झाला असता, रेषेत (मिती १) दुप्पट. म्हणून या आकृतीची मिती १ आणि २ च्या मध्ये पडते: ३ चा लॉग (लॉगॅरिदम) भागिले २ चा लॉग, म्हणजे सुमारे १.५८५.

हीच मोजणी शिवसागराच्या काठावर करून पाहा. कोयनेच्या या जलाशयाचा फाटे फुटलेला काठ त्यासाठी उत्तम. नकाशा ए-फोर कागदावर छापा आणि काठाची एकच बारीक रेघ ट्रेसिंग पेपरवर उतरवा. खाली क्रमाने २ सेंमी, १ सेंमी आणि ५ मिमीच्या चौकटी ठेवा आणि रेघ ज्यांना शिवते ते चौकोन मोजा. चौकट निम्मी केल्यावर संख्या २.३ पट झाली तर मिती सुमारे १.२. दोन ठिकाणी घोटाळा होतो. मोबाइलवरचा नकाशा लांबून पाहिला तर काठ गुळगुळीत करून दाखवतो, म्हणून जवळून पाहून तुकडे जोडा. पाणी पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात वेगवेगळ्या रेषेवर असतं, तेव्हा सगळी चित्रं एकाच तारखेची घ्या.

एवढं झालं की संगणक. ‘फ्रॅक्टल’ हा शब्द १९७५ मध्ये देणाऱ्या मँडेलब्रॉट यांच्या नावाचा संच पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत थोडक्या ओळींत होतो. चित्र ९०० बाय ८०० पिक्सेलचं ठेवा; आडवा अक्ष −२.१ ते ०.६, उभा −१.२ ते १.२. प्रमाण बदललंत तर आकृती चेपते. प्रत्येक पिक्सेल ही एक संमिश्र संख्या c: आडव्या अक्षावरचा आकडा अधिक उभ्या अक्षावरचा आकडा गुणिले i, जिथे i² = −१. शून्यापासून सुरू करून z च्या जागी z² + c टाकत जा. z चं परिमाण, म्हणजे शून्यापासूनचं अंतर, २ च्या पुढे गेलं की थांबा आणि किती फेऱ्या लागल्या त्यावरून रंग द्या. २०० फेऱ्यांतही गेलं नाही तर काळा.

काळा भाग फुगलेला, कडा बोथट दिसल्या तर फेऱ्या कमी पडल्या आहेत. −०.७५ + ०.१i च्या आसपास खोल शिरताना त्या १००० वर न्या. फार खोल गेल्यावर चित्राचे ठोकळे होतात. तिथे फेऱ्या वाढवून उपयोग नाही, कारण साध्या दशांश अंकांची अचूकता १५-१६ आकड्यांवर संपते. जास्त आकडे सांभाळणारी पायथनची लायब्ररी (तयार कोडचा संग्रह) घ्या आणि चित्र आधी लहान मापात काढून पाहा, कारण वेळ फार वाढतो.