अंदमानला पोट्टे घेऊन चालले? मग या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की मला फोन सुरू होतात. ऑफिसातले, सोसायटीतले, बायकोच्या भिशीतल्या मैत्रिणींचे नवरे, सगळ्यांना अंदमान करायचं असतं आणि पहिला प्रश्न एकच, "भाऊ, पाच दिवसात सगळं होऊन जाईन ना?" नाही होणार. नागपूरहून थेट विमान नाही, चेन्नई नाहीतर कोलकाता असं कुठेतरी बदलावं लागतं, जाण्यात एक दिवस गेला, येण्यात एक गेला, उरले तीन. त्या तिनात राजधानी पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉक, नील, बाराटांग ही बेटं, सगळं कोंबायचं, आणि पॅकेजवाला पण हो म्हणून मोकळा होतो, त्याचं काय जातं.

इतक्या लोकांचे किस्से ऐकून माझं एक मत झालंय. तिथे जी फजिती होते ती होणार हे बहुतेक वेळा आदल्या दिवशीच तिथल्या कोणीतरी सांगितलेलं असतं. ड्रायव्हर सांगतो, बोटवाला सांगतो, होमस्टेची काकी सांगते. आपण ऐकत नाही, कारण आपण घरून यूट्यूब बघून हुशार होऊन गेलेलो असतो.

परतीच्या विमानाच्या दिवशी हॅवलॉकहून निघणे

ही चूक ऐकली की माझं डोकंच फिरतं. हॅवलॉक पोर्ट ब्लेअरपासून साधारण ४० किलोमीटर, मधे सगळा समुद्र. खासगी फेरी दीड-दोन तास घेते, सरकारी अडीचच्या आसपास. कागदावर छान दिसतं, सकाळी सातची बोट, नऊला पोर्ट ब्लेअर, एकचं विमान. पण समुद्र खवळला की बंदरवाले बोटी बंद करतात आणि बंद म्हणजे बंद, तिथे तुमची ओळखपाळख, "जरा बघा ना साहेब" वगैरे काही चालत नाही. हेलिकॉप्टर आहे पण त्यात पेशंट आणि तिथल्या लोकांचा नंबर आधी.

माझ्या साडूचं ऐका. नोव्हेंबरात गेले होते, नवरा-बायको, दोन पोट्टे आणि त्याची आई. मी प्लॅन बघूनच म्हटलं होतं की शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला ठेव, तर म्हणे तिथे काय आहे, पोट्ट्यांना बीच पाहिजे. बरं बाप्पा, तुझी मर्जी. हॅवलॉकला ते एका बंगाली कुटुंबाच्या होमस्टेमधे राहिले, मागे सुपारी-नारळाची बाग, पुढे चार खोल्या. निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच तिथले दादा म्हणाले, "हवा ठीक नहीं है, आज दोपहर की बोट मिल जाए तो निकल जाइए." साडूनं आकाशाकडे बघितलं, ऊन पडलेलं. शिवाय राधानगर बीचचा सनसेट बाकी होता आणि खोलीचे पैसे भरलेले होते. राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पाऊस आणि वारा, जेट्टीवर गेले तर सगळ्या बोटी रद्द. पोर्ट ब्लेअर-चेन्नई विमान गेलं, आणि चेन्नई-नागपूरचं तिकीट वेगळं काढलेलं त्यामुळे तेही गेलं, रिफंड शून्य. मी इकडे नागपुरात मोबाईल घेऊन बसलो, पाच जणांची नवी तिकिटं शोधत, आणि ऐनवेळच्या तिकिटाचे भाव काय असतात ते मी इथे लिहीत नाही, साडू वाचतो.

आता यातला चांगला भाग. त्या घरच्या लोकांनी वाढीव मुक्कामाचं भाडं घेतलं नाही. काकीनं खिचडी आणि तळलेली मासळी केली, साडूच्या आईला मासळी चालत नाही तर तिच्यासाठी वेगळी वांग्याची भाजी. पोट्टे दिवसभर त्यांच्या मुलांसोबत कॅरम खेळले. आणि वारा उतरल्यावर दादा स्वतः पहाटे सरकारी फेरीच्या खिडकीवर रांगेत उभे राहिले, कारण कोणत्या रांगेत कधी उभं राहायचं हे त्यांनाच माहीत. त्या घरी आजही दिवाळीला फोन जातो. पण साडू अजूनही म्हणतो की बोटवाल्यांनी फसवलं. काय बोलणार.

माझी सवय सांगतो. जाताना पोर्ट ब्लेअरला न थांबता सरळ बेटांवर जायचं, जमलं तर त्याच दिवशी. सेल्युलर जेल, तिथला लाइट अँड साउंड शो, रॉस बेट हे सगळं शेवटी ठेवायचं. आपल्या मराठी लोकांना सावरकरांची कोठडी बघायचीच असते, त्यांचे थोरले भाऊ बाबाराव पण तिथेच होते, मग ते निवांत बघा ना, पहिल्या दिवशी रात्रभर प्रवास करून पेंगत काय बघायचं. आणि नागपूर ते पोर्ट ब्लेअर पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर काढा, दोन हजार वाचवायला तुकडे करू नका.

बाराटांगला "जारवा सफारी" समजून जाणे

यावर मी चिडतो, आधीच सांगून ठेवतो. आपण नागपूरकर ताडोबा-पेंच करून करून असे झालोय की गाडीत बसलो आणि दोन्ही बाजूला जंगल दिसलं की "दिसला का, दिसला का" सुरू. बाराटांगला चुनखडीच्या गुहा आणि मातीचा ज्वालामुखी बघायला जातात, आणि रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या चौकीवर गाड्यांचा ताफा बनतो, पहिला सकाळी सहाच्या सुमारास सुटतो, म्हणून पोर्ट ब्लेअरहून पहाटे साडेतीन-चारला निघावं लागतं. आत थांबायचं नाही, ओव्हरटेक नाही, काच खाली नाही, फोटो नाही, कोणाला काही द्यायचं नाही. हे नियम फलकावर लिहिलेले असतात, ड्रायव्हर परत तोंडी सांगतो. १९५६ चा कायदा आहे तिथल्या आदिम जमातींच्या संरक्षणाचा, मोडला तर तुरुंगात जावं लागू शकतं.

तरी आमच्या शेअर गाडीत एक काका होते, आपल्याच गावचे, त्यांनी चौकी सुटल्यावर दहा मिनिटात पिशवीतून बिस्किटाचे पुडे काढून मांडीवर ठेवले. म्हणे गरीब लोक आहेत, द्यावं काहीतरी. ड्रायव्हरनं आरशात बघितलं. रांचीकडचा माणूस, आजोबांना इंग्रजांच्या काळात छोटा नागपुरातून जंगलतोडीच्या कामाला आणलं होतं, तेव्हापासून ते इथेच. वाटेत चहाला थांबलो तेव्हा काय मस्त गप्पा मारत होता. आता मात्र मागे न वळता म्हणाला, "अंकल, वो पैकेट अंदर रखिए, नहीं तो मैं गाड़ी लगा के पुलिस को दूँगा. आप तो परसों घर जाएँगे, मेरा परमिट जाएगा." काकांचा चेहरा उतरला, काकूंनी पुडे ओढून घेतले, पुढचा अख्खा रस्ता गाडीत कोणी बोललं नाही. मला तर बरं वाटलं.

गरीब नाहीत हो ते. शिकार, मासे, मध, सगळं त्यांचं त्यांचं आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बाहेरच्यांशी फारसा संबंध नव्हता, मग ते जंगलाबाहेर येऊ लागले आणि १९९९ मधे त्यांच्यात गोवराची साथ पसरली. आपल्या पोट्ट्याची सर्दी तिकडे काय करेल याचा विचार करा. सुप्रीम कोर्टानं २००२ मधेच रस्त्याचा हा भाग बंद करायला सांगितला होता, पण वाहतूक सुरूच राहिली. मला विचाराल तर लहान मुलं असतील तर बाराटांग सोडूनच द्या, पहाटे तीनला उठवलेलं पोरगं गुहेपर्यंत पोचेस्तोवर रडून बेजार होतं. गुहा बघायचीच असेल तर जा, पण माणसं "बघायला" जाऊ नका.

ज्यांना खरंच तिथल्या माणसांना भेटायचंय त्यांना माणसं जागोजागी भेटतात. हॅवलॉक आणि नीलवर बहुतेक घरं पूर्व बंगालातून फाळणीनंतर आलेल्यांची, सरकारनं त्यांना जमिनी दिल्या. नीलचा भाजीपाला बोटीनं पोर्ट ब्लेअरला जातो. तमिळ आहेत, तेलुगू आहेत, काळ्या पाण्याच्या कैद्यांचे वंशज आहेत जे स्वतःला "लोकल" म्हणवतात, आणि सगळे आपसात हिंदी बोलतात. आपली नागपुरी हिंदी तिथे इतकी चालते की पुण्या-मुंबईचे बघत राहतात. फक्त "ए भैया, कितने का है रे" हा सीताबर्डीचा सूर घरी ठेवून जा. नारळपाण्यावर, भाजीच्या प्लेटवर घासाघीस करू नका, तिथे मीठ-तेलापासून सिमेंटपर्यंत बराच माल चेन्नई-कोलकात्याहून जहाजानं येतो, भाव जास्तच असणार. आम्ही जाताना संत्रा बर्फीचे दोन-तीन डबे नेतो आणि ज्या घरी राहतो तिथे देतो. त्यानंतर जेवणात काय काय येतं ते बघा.

बाकीच्या

संध्याकाळ ठरवताना नागपूरचं घड्याळ डोक्यात ठेवणे. अंदमान आपल्यापेक्षा साडेतेरा अंश पूर्वेला आहे पण वेळ तीच, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि सहाला अंधार. लोक तीनला जेवून, जरा पडून, साडेपाचला बीचवर पोचतात आणि मग विचारतात सनसेट कुठे गेला. सकाळी पाचला उठा, सगळं दुपारच्या आत उरका.

मे महिन्याचा शेवट. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात म्हणून लोक निवांत मेच्या शेवटच्या आठवड्याचं बुकिंग करतात, आणि मान्सून अंदमानच्या समुद्रात मेच्या २०-२२ तारखेच्या आसपासच येतो. नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीतून सुटका म्हणून जाता आणि खोलीत बसून पाऊस बघता. जानेवारी ते मार्च जा, शाळा चार दिवस बुडाली तर काही होत नाही.

बोटीत चढल्यावर मळमळीची गोळी घेणे. उपयोग नाही. अर्धा-एक तास आधी घ्यायची, मुलांची मात्रा डॉक्टरांना विचारून, आणि भरपेट आलूपराठे खाऊन बसायचं नाही.

"बोटीत अजून दोघं बसतात की" म्हणणे. २६ जानेवारी २०१४ ला पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची बोट बुडाली, २१ लोक गेले, क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं भरलेली होती. लाइफ जॅकेट गरम होतं म्हणून काढणाऱ्या बाप्यांना मी तिथल्या तिथे बोलतो, बायको म्हणते तुम्ही कशाला मधे पडता. पडतो.

मगरीचा फलक म्हणजे फोटो काढायची जागा, असं समजणे. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे खरोखर आहेत, माणसं गेलेली आहेत. जिथे लाल झेंडा किंवा फलक आहे तिथे पोट्ट्यांचे पाय पण ओले करू नका, आणि लाइफगार्डनं शिट्टी मारली की बाहेर, वाद नाही.

शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे बॅगेत भरणे. प्रवाळ वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे, मेलेलं असलं तरी. एअरपोर्टवर स्कॅनमधे दिसतं, बॅग उघडायला लावतात, मागे रांग, पोरगं रडतंय. किनाऱ्यावरच ठेवून द्या.

स्कुबा शेवटच्या दिवशी ठेवणे. डायव्हिंगनंतर कमीत कमी १८ तास विमानात बसायचं नाही, रक्तात विरघळलेला नायट्रोजन निघायला वेळ लागतो. बेटावर गेल्या गेल्या करून घ्या.

नावांचा घोळ. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, २०१८ पासून. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजय पुरम. तिकिटावर नवं, ड्रायव्हरच्या तोंडी जुनं. दोन्ही माहीत असू द्या म्हणजे जेट्टीवर "आपली बोट कोणती" म्हणून धावाधाव होणार नाही.

नीलवरचा दगडी पूल भरतीला बघायला जाणे. ओहोटीलाच पायी जाता येतं, तेव्हाच खड्ड्यांतल्या पाण्यात खेकडे-मासे दिसतात. वेळ रोज बदलते, नेटवर शोधत बसू नका, राहता तिथे आदल्या रात्री विचारा. रबरी सँडल घाला, खडक पाय कापतो.

आणि सगळं मोबाईलवर होईल या भरवशावर जाणे. २०२० मधे चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकली तेव्हापासून पोर्ट ब्लेअरला नेट सुधारलं, पण बेटांवर पाऊस आला की क्यूआर कोड समोर धरून दोघंही वाट बघत उभे, तुम्ही पण आणि दुकानदार पण. रोकड पोर्ट ब्लेअरलाच काढा, सुट्टे जास्त, बोटीची तिकिटं आणि हॉटेलचे व्हाउचर कागदावर छापून घ्या, घरातल्या सगळ्यांची, पोट्ट्यांची सुद्धा, ओरिजनल आधार कार्डं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून बायकोजवळ द्या. स्वतःजवळ ठेवू नका.