ठोके अचानक १८० वर जायचे, ते कसे थांबले (माझा अनुभव)

बसल्या जागी हृदयाचे ठोके एकदम मिनिटाला १८०, लय मात्र एकसारखी. थांबायचेही तसेच झटकन. खानापुरातला ईसीजी दरवेळी नॉर्मल, कारण पोचेपर्यंत सगळं ओसरलेलं. बेळगावात झटका चालू असतानाच ईसीजीची पट्टी निघाली तेव्हा कळलं: एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून उठणारे भरधाव ठोके. हे निदान झाल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचं करू नका.

खोकणं, गार पाणी, बसून कुंथणं, सगळं फुकट. वैताग नुसता.

लागू पडलं ते असं. उशांना अर्धवट टेकून बसायचं. १० मिलीच्या बिनसुईच्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं. नव्या सिरिंजचा दट्ट्या चिकटलेला असतो, आधी मागेपुढे करून ठेवा. फुंक संपताक्षणी घरच्यांनी उशा ओढून सपाट निजवायचं आणि पाय ४५ अंशांत १५ सेकंद धरायचे. मग पुन्हा टेकून ४५ सेकंद.

पाय उचलायला रेंगाळलात की गेलं. पायांतलं रक्त हृदयाकडे येतं, व्हेगस हा मज्जातंतू चेततो, तोच ठोक्यांना लगाम घालतो. २०१५ च्या इंग्लंडमधल्या चाचणीत असे ४३ टक्के रुग्ण ताळ्यावर आले, नुसत्या कुंथण्याने १७.

छातीत दुखलं, भोवळ आली, धाप लागली तर फुंकत बसू नका, १०८ लावा.