बारीक म्हणजे 'स्मॉल' नव्हे: लहान गोष्टींचं इंग्रजी बोलताना या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर काम करणारा एक मुलगा माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला येतो. एकदा मोबाईल पुढे करून म्हणाला, "मॅडम, हे बघा की जरा. मालकांनी बारीक पावडर आहे असं लिहायला सांगितलं, तसं लिहिलं. आता समोरचा विचारतोय, पाकीट किती ग्रॅमचं?"

त्याने लिहिलं होतं, 'स्मॉल टर्मरिक पावडर'. वाचणाऱ्याला वाटलं, छोट्या पाकिटातली हळद.

माझ्या वर्गात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मराठीत 'बारीक' हा एक शब्द दहा कामं करतो आणि आपण दहाही ठिकाणी 'स्मॉल' चिकटवतो. पूड बारीक असेल तर इंग्रजीत ती 'फाइन', भरड असेल तर 'कोर्स'. माणूस बारीक असेल तर 'थिन' नाहीतर 'स्लिम', आणि 'तो बारीक झालाय' म्हणजे 'ही हॅज लॉस्ट वेट'. बारीक ताप 'स्लाइट फीव्हर', बारीक पाऊस 'लाइट रेन' किंवा 'ड्रिझल', बारीक आवाज 'लो व्हॉइस'. आपल्याकडचं 'बारकं पोरगं' मात्र खरोखरच 'स्मॉल बॉय' आहे, कारण तिथे आपण अंगाबद्दल नाही, वयाबद्दल बोलतो. म्हणून वाक्य तोंडातून निघण्याआधी स्वतःला विचारावं की नेमकं काय लहान आहे: आकार, जाडी, जोर, की वय? उत्तर मिळालं की शब्द आपोआप सापडतो.

हळदीच्या व्यवहारात आणखी एक अडचण येते. चाळणीचा मेश नंबर म्हणजे एका इंचात किती छिद्रं आहेत त्याचा आकडा. म्हणजे नंबर वाढला की छिद्र लहान होतं आणि पूड जास्त बारीक पडते. ६० मेशच्या चाळणीचं छिद्र साधारण २५० मायक्रॉनचं, म्हणजे पाव मिलिमीटरचं असतं. अशा वेळी कुणी 'स्मॉलर मेश' लिहिलं, तर लहान छिद्र म्हणायचंय की लहान नंबर, हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि दोन्हींचे अर्थ अगदी उलटे आहेत. 'फाइनर' लिहा आणि पुढे नंबर टाका. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. एवढ्या नावाजलेल्या मालाचं वर्णन एका चुकीच्या शब्दामुळे फसू नये, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी चूक अशी की, वस्तू कितीही लहान असली तरी आपण 'व्हेरी, व्हेरी स्मॉल' म्हणतो आणि थांबतो. एका सप्टेंबरात वर्गातल्या मुलांना घेऊन कास पठारावर गेले होते. सीतेची आसवे फुलली होती. देठ दोऱ्यासारखा आणि त्यावर निळसर जांभळं फूल, करंगळीच्या नखापुढेही छोटं वाटेल असं. एक मुलगी गुडघे टेकून बघत होती. ती म्हणाली, "मॅडम, 'स्मॉल फ्लॉवर' लिहिलं तर जास्वंदीपेक्षा लहान एवढंच कळेल ना?" बरोबर ओळखलं होतं तिनं. ते फूल 'टायनी'. ही वनस्पती कीटकभक्षी आहे. ओल्या मातीत तिच्या मुळांसारख्या धाग्यांवर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे फुगे असतात, ते 'मायन्यूट'. आणि पाण्याबरोबर त्या फुग्यांत ओढले जाणारे कितीतरी जीव भिंगाखाली धरल्याशिवाय दिसतच नाहीत, ते 'मायक्रोस्कोपिक'. एका रोपाशी बसल्या बसल्या चारही पायऱ्या मुलांच्या लक्षात आल्या. 'मायक्रोस्कोपिक' हा शब्द शेवटच्या पायरीसाठीच राखून ठेवा. साध्या डोळ्यांनी दिसणाऱ्या मोहरीला तो लावू नका. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो आणि तोसुद्धा आपल्याला दिसतो.

यातल्या 'मायन्यूट'चा उच्चार भलेभले चुकतात. स्पेलिंग घड्याळातल्या मिनिटाचंच आहे, म्हणून 'मिनिट पार्टिकल्स' असं वाचलं जातं. वेळ असेल तर 'मिनिट', अतिसूक्ष्म असेल तर 'मायन्यूट', आणि जोर 'न्यूट'वर. दोन्हींचं मूळ मात्र एकच आहे. लॅटिनमध्ये तासाच्या साठाव्या भागाला 'पहिला बारीक भाग' अशा अर्थाचं 'पार्स मिन्यूटा प्रीमा' म्हणत आणि त्याच्याही साठाव्या भागाला 'पार्स मिन्यूटा सेकुंदा', म्हणजे दुसरा बारीक भाग. पहिल्यातून मिनिट आलं, दुसऱ्यातून सेकंद. हे एकदा सांगितलं की मुलं तो उच्चार विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

'मिनस्क्यूल' म्हणजे अगदी इवलंसं. हा शब्द लिहितानाही अशीच गडबड होते. 'मिनी'वरून आला असेल असं वाटून लोक एन नंतर आय लिहितात. त्या शब्दात 'मायनस' दडलेलं आहे: एम, आय, एन, यू, एस. पुढे सी, यू, एल, ई.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. माझ्या एका विद्यार्थिनीला नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर वापरलंय का? तिने सहा महिने वापरलं होतं. नम्रपणे म्हणाली, 'आय हॅव लिटल एक्सपिरियन्स.' समोरच्याने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न घेतला. तिला म्हणायचं होतं, थोडा अनुभव आहे. ऐकणाऱ्याने ऐकलं, अनुभव जवळजवळ नाहीच. 'अ लिटल' म्हणजे थोडं आहे, नुसतं 'लिटल' म्हणजे नसल्यातच जमा. मोजता येणाऱ्या गोष्टींत 'अ फ्यू' आणि 'फ्यू' यांचंही तसंच. 'अ फ्यू क्लायंट्स' म्हणजे चार-दोन गिऱ्हाइकं आहेत, 'फ्यू क्लायंट्स' म्हणजे गिऱ्हाइकांची वानवा. ती घरी येऊन रडली होती. तेव्हापासून मी हा धडा पहिल्याच आठवड्यात घेते.

आकाराबद्दल बोलताना 'लिटल'मध्ये थोडी माया असते, 'स्मॉल' कोरडा असतो. इवलंसं घर 'अ लिटल हाउस', पण 'घर लहान आहे' म्हणताना 'द हाउस इज स्मॉल'. तुलना करायची तर 'स्मॉलर'च वापरा, 'लिटलर' जवळपास कुणी म्हणत नाही. धाकटा भाऊ 'यंगर ब्रदर', लाडाने 'लिटल ब्रदर', पण 'स्मॉल ब्रदर' कधीच नाही. 'पटीट' हा शब्द मुख्यतः लहान चणीच्या बाईसाठी आहे. त्याने खोक्याचं किंवा पुरुषाचं वर्णन करू नका.

राहिले मापाचे शब्द, आणि इथे मराठी माणसाला फार घाबरायचं कारण नाही. चिमूटभर मीठ म्हणजे 'अ पिंच ऑफ सॉल्ट'. आपली चिमूट आणि चिमटा जसे जवळचे, तसाच 'पिंच'चा अर्थ चिमटाही होतो. रत्ती हे गुंजेच्या बियेवरून आलेलं वजन. इंग्रजांचंही 'ग्रेन' नावाचं वजन आहे, धान्याच्या दाण्यावरून आलेलं, साधारण ६५ मिलिग्रॅमचं. म्हणून 'त्यात रत्तीभरही तथ्य नाही' हे 'देअर इज नॉट अ ग्रेन ऑफ ट्रुथ इन इट' असं सहज म्हणता येतं. फक्त दाणा, कण आणि चुरा यांची सरमिसळ करू नका. तांदळाचा दाणा 'ग्रेन', डोळ्यात गेलेला धुळीचा कण 'स्पेक', आणि बिस्किटाच्या पुड्याच्या तळाशी उरलेला चुरा 'क्रम्ब्स'. त्या 'क्रम्ब्स'च्या स्पेलिंगमध्ये बी आहे, पण उच्चार 'क्रम्झ' असाच करायचा.