लँडिंग पंख कापतानाच ठरतं

आरसी (रिमोटवर चालणारं) विमान उडतं मस्त पण उतरवताना एक पंख टपकन खाली जाऊन पलटी मारतं, असं होत असेल तर बोटांना शिव्या देण्याआधी पंख बघा. माझं पहिलं विमान टोकाकडे एकदम निमुळतं होतं, दिसायला भारी, पण उतरताना नाशिकजवळ दिंडोरीकडे द्राक्षबागेच्या तारांत जाऊन बसलं. निमुळत्या पंखाचं टोक आधी स्टॉल होतं, म्हणजे स्पीड कमी पडून उचल सोडतं, आणि तिथेच एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या) असतात, म्हणजे नेमकं गरज असताना कंट्रोल जातो.

म्हणून पहिला पंख सरळ आयताकृती कापा, टोकापासून टोकापर्यंत १ मीटर लांब, २० सेंमी रुंद. ७०० ग्रॅमच्या विमानाला हा पंख स्पीड ताशी साधारण २७ किमीपर्यंत उतरला तरी धरून ठेवतो. रुंदी १४ सेंमी केली तर तेच विमान जवळपास २० टक्के जास्त स्पीडने उतरवावं लागेल. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, हवा थोडी पातळ, म्हणून मुंबईवाल्याने सांगितलेल्या स्पीडवर थोडं वाढवूनच धरा.

आता खरी गोम. ग्लू सुकायच्या आत टोकाची मागची कड ७ मिमी वर उचलून पिळ द्या, साधारण २ अंश होतो. याला वॉशआउट म्हणतात. यामुळे मधला भाग आधी स्टॉल होतो, नाक हळू खाली येतं आणि एलेरॉन चालू राहतात. दोन्ही बाजूंचा पिळ मात्र सारखाच हवा, मी एकदा अंदाजाने केला आणि विमान सारखं उजवीकडेच पळायचं.

फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेला आतल्या बाजूच्या, खाली वळणाऱ्या पट्ट्या) लावणार असाल तर टप्प्याटप्प्याने सोडा, एकदम सोडले की विमान फुग्यासारखं वर उसळतं. आणि दोन्ही एलेरॉन खाली करून फ्लॅपचं काम करून घ्यायचा जुगाड लँडिंगला नको, टोक परत आधी स्टॉल होतं.

उडवायला गेलात की आधी उंचावर थ्रॉटल कमी करून स्टॉल करून बघा, कुठला पंख पडतो ते कळेल. मग वाऱ्याच्या समोरून या. शेवटच्या अर्ध्या मीटरला विमान खाली बसायलाच तयार नसतं, जमिनीजवळ पंखाचा ड्रॅग कमी होतो ना, तिथे घाईने नाक दाबू नका, थ्रॉटल बंद ठेवून हळूहळू एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) ओढत राहा.

हां, ओझरचं विमानतळ आणि गांधीनगरची धावपट्टी जवळ आहे, त्यामुळे निघायच्या आधी डिजिटल स्कायचा मॅप (ड्रोन कुठे उडवता येतात ते दाखवणारा सरकारी नकाशा) बघाच.