९ मोदक २१ पेक्षा जास्त!

वहिनी ठाण्यात नौपाड्यात उकडीचे मोदक करून देते. ठरलेल्या संख्येच्या वर मोदक घेतले की घरपोच मोफत. जावास्क्रिप्ट (वेबपानांसाठीची प्रोग्रामिंग भाषा) शिकतोच आहे, म्हटलं हिशेबाचं पान करून देऊ. एका चौकटीत नग, दुसरीत मर्यादा (ती वहिनीच्या मर्जीने बदलते), त्या साठवायला दोन व्हेरिएबल, एक इफ-एल्स (नग मर्यादेपेक्षा जास्त तर मोफत, नाहीतर पैसे). मर्यादा २१. ११ टाकले, बरोबर. ५१, बरोबर.

वहिनीने ९ टाकले. पान म्हणालं, घरपोच मोफत. १०० ला मात्र पैसे लावले!

"भाऊजी, नऊ मोदकांसाठी घोडबंदरला जाऊ का मी?"

अर्धी रात्र तुलनेची चिन्हं उलटसुलट करण्यात गेली. शेवटी ब्राउझरच्या कन्सोलमध्ये टाइपऑफ (व्हॅल्यू कोणत्या प्रकारची ते सांगतं) छापलं, तर दोन्ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर. चौकटीचा टाइप नंबर ठेवला तरी व्हॅल्यू मजकूर म्हणूनच येते. मग तुलना शब्दकोशासारखी, पहिल्या अक्षरापासून: २१ मधल्या २ पेक्षा ९ मोठा, १०० मधला १ लहान. मर्यादा थेट कोडमध्ये २१ लिहिली असती, तर जावास्क्रिप्टने नगांच्या मजकुराचाही गुपचूप आकडा करून घेतला असता आणि मला कधी कळलंच नसतं.

दोन्ही व्हॅल्यूंना नंबर हे फंक्शन लावून मजकुराचा आकडा केला, सुटलं. फक्त रिकामी चौकट शून्य धरली जाते, म्हणून त्याआधी एक वेगळा इफ टाकला.